तांब्याची हुंडी

मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धात बंडखोरांनी पाडलेलं आठ रिआलचं तांब्याचं नाणं पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. कड वेडीवाकडी, चकती एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ, ठसा घसरून अर्धा बाहेर गेलेला. एका अंगाला रोमन ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा ‘ओ’, खाली आठ रिआलचा आकडा आणि साल. दुसऱ्या अंगाला बाण चढवलेलं धनुष्य आणि त्याखाली तीनच अक्षरं, ‘सुद’, म्हणजे दक्षिण. राजाचा मुखवटा नाही, मुकुट नाही, लॅटिन बिरुदावली नाही. नाणं पाडणारा माणूस कॅथलिक धर्मगुरू, पण नाण्यावर क्रूससुद्धा नाही.

या माणसाचं नाव होसे मारिया मोरेलोस. १८११ ते १८१४ या चार वर्षांत त्याच्या नावाने निघालेली तांब्याची नाणी आज जगभरच्या लिलावांत फिरतात. स्वातंत्र्ययुद्धातली ‘अडचणीची नाणी’ जमवू पाहणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्यापाशी येऊन थांबतो, कारण अशा नाण्यांबद्दल पडणारे सगळे प्रश्न इथे एकत्र भेटतात: ती कोणी पाडली, कुठे पाडली, लोकांनी ती का घेतली, त्यांतली खरी कोणती, आणि ‘खरी’ म्हणजे नेमकं काय.

गंमत अशी की हा देश चांदीचा. मेक्सिको शहराच्या टाकसाळीत पडणारा आठ रिआलचा चांदीचा पेसो हे तेव्हाचं जगाचं नाणं होतं. वजन २७ ग्रॅमच्या आसपास, शुद्धता नव्वद टक्क्यांना जराशी कमी. चीनपासून सुरत-मुंबईपर्यंतचे सराफ ही चांदी ओळखत, आणि आपल्याकडे तिचे वितळवून रुपये होत. अशा देशात तांब्याला पैसा म्हणून कोणी विचारत नसे. १५४२ च्या सुमारास व्हाइसरॉय मेंदोसाने तांब्याची नाणी काढून पाहिली. तिथल्या मूळ रहिवाशांनी ती तळ्यात फेकून दिली, अशी कथा मेक्सिकोच्या नाणेशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. पुढची पावणेतीनशे वर्षं खुर्द्याची गरज दुकानदारांनीच भागवली. तांब्याचे, लाकडाचे, कातड्याचे ‘त्लाको’ नावाचे बिल्ले ते स्वतःच काढत, आणि प्रत्येक बिल्ला ज्याच्या त्याच्या दुकानातच चाले. सामान्य माणसाच्या हातातलं तांबं म्हणजे वाण्याची उधारी, एवढाच त्याचा अनुभव.

त्या तांब्यावर आठ रिआलचा, म्हणजे पूर्ण चांदीच्या पेसोचा आकडा टाकायचा, हे धाडस होतं. ते समजून घ्यायला युद्धाची सुरुवात पाहायला हवी.

१६ सप्टेंबर १८१० ला मिगेल इदाल्गो या दुसऱ्या धर्मगुरूने डोलोरेस गावात बंड पुकारलं. काही आठवड्यांत ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींचं शहर त्याच्या हाती आलं आणि त्याने तिथे टाकसाळ सुरू केली. पण त्याच्या नाण्यांवर स्पेनचा राजा फर्डिनांड सातवा होता, मेक्सिको शहरच्या नाण्याची हुबेहूब नक्कल. बंड राजाविरुद्ध नाही, वाईट कारभाऱ्यांविरुद्ध आहे, अशी तेव्हाची भाषा होती आणि नाणंही तीच भाषा बोलत होतं. नोव्हेंबरात राजाचा सेनापती काय्येहा याने ग्वानाह्वातो परत घेतलं आणि ती टाकसाळ गेली. पुढे इग्नासियो लोपेस रायोनने १८११ मध्ये सिताक्वारोला सर्वोच्च राष्ट्रीय मंडळ स्थापलं. त्याच्या नाण्यांवर निवडुंगावर बसलेला गरुड आला, म्हणजे आजच्या मेक्सिकोच्या राजमुद्रेचा पूर्वज. पण भोवतीच्या मजकुरात फर्डिनांडचं नाव तसंच होतं.

मोरेलोसने मात्र १८११ मध्येच राजाला नाण्यावरून उतरवलं. स्पेनपासून मुक्त असल्याची ठाम मांडणी त्याने चिल्पान्सिंगोच्या काँग्रेसपुढे केली सप्टेंबर १८१३ मध्ये, आणि औपचारिक जाहीरनामा निघाला ६ नोव्हेंबरला. नाणं या कागदांच्या दोन वर्षं पुढे होतं. हे राजकीय धोरण होतं की राजाचा मुखवटा कोरणारा कारागीर हाताशी नव्हता, यावर वाद घालता येतो. मला पहिलं पटतं. ज्या कारागिराला धनुष्याभोवती वेलबुट्टी काढायला वेळ होता (आणि काही नाण्यांवर ती बरीच दाट आहे), त्याला वेडावाकडा का होईना, एक चेहरा जमला असता.

या युद्धात टाकसाळींचं पीक दोन्ही बाजूंना आलं. राजधानीचे रस्ते बंडखोरांनी तोडले, उत्तरेकडच्या खाणींची चांदी राजधानीत पोहोचेना, म्हणून राजाच्या अधिकाऱ्यांनीही साकातेकास, चिवावा, दुरांगो, ग्वादालाहारा अशा ठिकाणी तात्पुरत्या टाकसाळी उघडल्या. सोंब्रेरेतेच्या चांदीच्या तुकड्यांवर तर मोठ्या अक्षरांत ‘वार्गास’ हे तिथल्या अधिकाऱ्याचं आडनाव आहे. म्हणजे ‘अडचणीचं नाणं’ हे केवळ बंडखोरांचं वैशिष्ट्य नव्हे. फरक धातूचा आहे. राजाच्या माणसांपाशी चांदी होती, नेमकी राजधानीची टाकसाळ दूर होती. मोरेलोसच्या दक्षिणेत सगळ्याचीच वानवा होती.

काराक्वारोचा हा पाद्री ऑक्टोबर १८१० मध्ये इदाल्गोला भेटला आणि अकापुल्को घेण्याचा आदेश घेऊन मूठभर माणसांनिशी दक्षिणेला उतरला. किनाऱ्यावरचे कापूस पिकवणारे, खेचरांचे तांडे हाकणारे, गालेआना आणि ब्राव्हो यांच्यासारखी जमीनदार घराणी त्याला येऊन मिळाली. वर्षभरात त्याच्याजवळ शिस्तीची फौज उभी राहिली. फौज म्हटली की रोजमुरा आला, धान्य आलं, घोड्यांचा दाणा आला. लुटीवर फौज पोसली तर गावं उलटतात, हे इदाल्गोच्या मोहिमेत त्याने पाहिलेलं होतं. १८११ च्या जुलैत तांब्याची नाणी पाडण्याचा हुकूम निघाला, आणि त्यातली मुख्य गोष्ट ही की हे तांबं म्हणजे हुंडी आहे: आज घ्या, युद्ध संपल्यावर त्याचं सोनं-चांदी मिळेल.

म्हणून या नाण्यांना तांब्याचे तुकडे न म्हणता तांब्यावर लिहिलेले कर्जरोखे म्हणायला हवं. कागदाऐवजी धातू का, याचं उत्तर सोपं आहे. उष्ण, दमट मुलुखात खेचराच्या पाठीवरून फिरणारा आणि वाचता न येणाऱ्यांच्या हातून जाणारा कागद टिकत नाही, आणि कागद छापायला छापखाना लागतो. तांब्याला भट्टी, हातोडा आणि दोन साचे पुरतात. शेजारच्या मिचोआकानमध्ये तांब्याच्या खाणी आणि तांबटांची परंपरा जुनी होती. धातू ठोकण्याचं काम ठाऊक असलेला माणूस या भागात शोधावा लागत नव्हता.

लोकांनी ती नाणी का घेतली याबद्दल पुस्तकांतून दोन टोकं दिसतात. एक भाबडं: देशभक्तीने घेतली. दुसरं कडवट: बंदुकीच्या धाकाने घेतली. खरं उत्तर मला नाण्यांच्याच मूल्यांत दिसतं. मालिका आठ, दोन, एक आणि अर्ध्या रिआलची आहे. चार रिआलचं नाणं दुर्मीळ. अर्ध्या रिआलच्या खाली काही नाही. म्हणजे ही बाजारातल्या मोडीची सोय नव्हती. वाण्याचे त्लाको ते काम करतच होते. ही फौजेच्या खरेदीची आणि पगाराची सोय होती. जोवर फौज त्या मुलुखात आहे, तीच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे आणि तीच कर घेते, तोवर तिचं तांबं घ्यायला वाण्याची हरकत नसते. फौज हलली की बट्टा सुरू. तिची पाठ पूर्ण फिरली की नाणं भांड्याच्या भावाने. चांदी अर्थातच लोकांनी पुरून ठेवली. दोन प्रकारचा पैसा एकाच भावाने चालवायचा म्हटलं की चांगला पैसा घरात जातो आणि वाईट बाजारात फिरतो, हे कुठल्याही बाजारपेठेत कोणाला शिकवावं लागत नाही.

हुंडी वटली नाही. १८१३ च्या डिसेंबरात वायादोलिदच्या वेशीवर मोरेलोसचा पराभव झाला. तिथे राजाच्या बाजूने लढणाऱ्यांत आगुस्तिन दे इतुर्बिदे होता. मार्च १८१४ मध्ये वाहाका शहर गेलं. २२ डिसेंबर १८१५ ला एकातेपेकला मोरेलोसला गोळ्या घातल्या. सहा वर्षांनी स्वातंत्र्य आलं ते त्याच इतुर्बिदेच्या हातून, आणि त्याची तिजोरी इतकी रिकामी की १८२२ च्या अखेरीस त्याने कागदी नोटा काढल्या. मोरेलोसच्या तांब्याचे पैसे कोण देणार होतं? आणखी एक उपहास असा की १८१४ मध्ये खुद्द राजाच्या टाकसाळीनेही मेक्सिको शहरात फर्डिनांडच्या नावाने तांब्याची चिल्लर पाडायला घेतली. ज्या धातूला तीन शतकं नाक मुरडलं, तो चार वर्षांत दोन्ही छावण्यांनी स्वीकारला. मात्र तांब्यावरचा अविश्वास काही संपला नाही. स्वतंत्र मेक्सिकोत तांब्याच्या नाण्यांचा आणि त्यांच्या नकलांचा असा सुळसुळाट झाला की १८३७ मध्ये ती मागे घेण्यासाठी खास बँक काढावी लागली. त्याच वर्षी सरकारने त्यांची किंमत एका फटक्यात निम्मी केली आणि दंगली उसळल्या.

आता संग्राहकाच्या टेबलावर येऊ. या नाण्यांचा पहिला गंभीर आढावा अमेरिकेतले नाणेव्यापारी लायमन लो यांनी १८८६ मध्ये छापला. तो एका मोठ्या सापडलेल्या साठ्यावर आधारलेला होता. त्यानंतर १९३८ मध्ये आल्बेर्तो फ्रान्सिस्को प्रादेऊ यांचा मेक्सिकोच्या नाण्यांचा इतिहास आला, जो अजूनही पहिल्यांदा उघडावा असा आहे. आज बहुतेक जण अमेरिकेतल्या जाडजूड जागतिक सूचीच्या आकड्यांनी नाणी ओळखतात. तिथेच एक खोच आहे. त्या सूचीत ‘सुद’ नाणी वाहाका या मथळ्याखाली येतात. पण मोरेलोसने वाहाका शहर घेतलं २५ नोव्हेंबर १८१२ ला, मग १८११ सालची नाणी तिथली कशी असतील? वाहाकात टाकसाळ चालली हे खरं, काही नाण्यांवर त्या शहराचं नावही आहे. पण मूळ मालिका किनारपट्टीच्या आणि डोंगरातल्या छावण्यांची. टाकसाळ फौजेबरोबर फिरत होती असं म्हणणं जास्त बरोबर. काही नाण्यांवर ‘टी. सी.’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे तिएर्रा कालिएन्ते, उष्ण मुलूख. वाउत्ला गावाचं एक आठ रिआलचं नाणं १८१२ चं आहे. ते कुठे बनलं ते त्याच्यावरच लिहिलेलं आहे आणि ते ‘तात्पुरतं’ असल्याचंही. ते मला या सगळ्या मालिकेत सर्वांत प्रामाणिक वाटतं. बाहेरगावच्या दुसऱ्या सेनापतींचीही नाणी आहेत. ओसोर्नोने साकात्लानला १८१३ मध्ये तांब्याची छोटी नाणी पाडली.

‘एम’वरच्या ‘ओ’चं कोडं त्यातलंच. मोरेलोसच्या नावाचा हा संक्षेप, असं सर्रास सांगतात. पण मेक्सिको शहरच्या टाकसाळीची खूणही अगदी हीच, ‘एम’ आणि वर बारीक ‘ओ’. दोन्ही एकदम वाचता यावं अशीच ती निवडली असेल, असं मानायला मला जागा दिसते. ज्या माणसाला आपली हुंडी लोकांच्या गळी उतरवायची आहे, तो ओळखीची खूण का टाकून देईल? पेसोवर दोन-अडीचशे वर्षं जी खूण पाहिली, ती तांब्यावर दिसली की निरक्षर माणसाचाही हात पुढे होतो.

सालांचं म्हणाल तर १८१२ आणि १८१३ ची नाणी सर्रास मिळतात, आणि सुरुवात करणाऱ्याने त्यांच्यापासूनच करावी. मैदान कोरं असलेला प्रकार आणि वेलबुट्टीचा प्रकार, असे दोन मुख्य भाग पडतात, आणि त्यांच्या आत पोटप्रकार इतके की सूचीचा धीर सुटतो. साचे हाताने कोरलेले, म्हणून प्रत्येक साचा वेगळा. कुठे धनुष्य उताणं, कुठे आकडा उलटा. यातल्या प्रत्येक फरकाला ‘दुर्मीळ प्रकार’ म्हणून वेगळी किंमत लावणारे विक्रेते आहेत. त्यांच्याशी हुज्जत न घालता नुसतं पुढे जावं.

खऱ्या-खोट्याचा प्रश्न मात्र पुढे जाऊ देत नाही. साधारण सल्ला असा असतो: ओतीव नाणं म्हणजे बनावट, ठसा मारून पाडलेलं ते खरं. इतर मालिकांत हा सल्ला बऱ्यापैकी चालतो. इथे तो फसवतो. या युद्धात ओतून नाणी करणं ही अधिकृत पद्धत होती. चिवावात राजाच्या खजिन्याने स्वतः चांदीचे पेसो साच्यात ओतले आणि ओळख म्हणून त्यावर दोन ठप्पे मारले. मोरेलोसच्या चांदीच्या नाण्यांतही ओतीव प्रकार आहेत. तेव्हा ओतकामाचे बारीक खड्डे किंवा कडेवरची शिवण दिसली एवढ्याने निकाल लागत नाही.

मग निकाल कशाने लावायचा? बनावट नाण्यांचे तीन थर वेगळे ओळखावे लागतात. पहिला थर त्याच काळातला. आठ रिआलचा आकडा आणि स्वस्त तांबं यांत इतकं अंतर असेल तर गल्लीतला तांबटही टाकसाळ उघडणार, ते उघडच आहे. सैन्याच्या साच्यापेक्षा ओबडधोबड, अक्षरं चुकलेली, पण झीज अगदी खरी, अशी नाणी या थरातली. माझ्या मते ती टाकाऊ नाहीत. उलट नाणं किती चाललं याची तीच साक्ष आहेत. न चालणाऱ्या पैशाची नक्कल कोण करतो? दुसरा थर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा, खास संग्राहकांसाठी बनवलेला, आणि त्यात चांदीला पसंती. तांब्याच्या खऱ्या नाण्यावरून साचा काढायचा आणि त्यात चांदी ओतायची. त्यामुळे चांदीचं ‘सुद’ नाणं समोर आलं की पहिली पायरी संशयाची. त्याचा मागचा मालकीहक्क जुन्या लिलावापर्यंत किंवा जुन्या संग्रहापर्यंत पोहोचत नसेल तर मी तरी पैसे मोजणार नाही. तिसरा थर आजचा, यंत्रावर बनलेला. तो ओळखायला सगळ्यांत सोपा, कारण दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर तोच ओरखडा, तोच कडेचा तडा सापडतो.

ठप्प्यांची गोष्ट वेगळी. मोरेलोसच्या आणि इतर सेनापतींच्या सैन्याने राजाच्या चांदीच्या पेसोंवर आपापले ठप्पे मारले: नावाची गुंतवलेली अक्षरं, सेनापतीचं आडनाव, छावणीची खूण. हे नाणं आमच्या मुलुखात चालेल, असा त्याचा अर्थ. एकाच पेसोवर दोन्ही पक्षांचे ठप्पे असले की संग्राहक हरखतात, आणि का हरखू नये. पण बनवेगिरीला याहून सोपं क्षेत्र नाही. नाणं खरं, फक्त ठप्पा कालचा. पेसोच्या झिजेपेक्षा ठप्प्याची धार जास्त तीक्ष्ण असेल, किंवा ठप्प्याच्या खोबणीत जुना मळ नसेल, तर दूर राहावं.

यातूनच माझा एक हट्ट सांगतो. हल्ली नाणी प्लास्टिकच्या डबीत बंद करून त्यावर ‘दर्जा’चा आकडा छापून देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची चलती आहे. जेवढी कमी झीज, तेवढा वरचा आकडा, तेवढी जास्त किंमत. टाकसाळीतून निघून थेट तिजोरीत गेलेल्या नाण्यांसाठी हा नियम ठीक आहे. पण हुंडी म्हणून हातोहात फिरायला काढलेल्या तांब्याला तोच नियम लावणं म्हणजे विषयच उलटा धरणं. कोरकरीत ‘सुद’ नाणं म्हणजे कोणी तरी पुरलेलं किंवा कधी न वापरलेलं. धनुष्याची कमान बोटांनी सपाट झालेलं नाणं मात्र सैनिकाच्या, मग वाणिणीच्या, मग खेचरवाल्याच्या हातून गेलेलं असतं. प्रश्न ‘लोकांनी हे घेतलं का’ असा असेल तर उत्तर याच झिजेत आहे, आणि सुदैवाने बाजार अशी नाणी स्वस्त विकतो.

इतर स्वातंत्र्ययुद्धांतल्या तांब्याकडे पाहिलं की मोरेलोसचं वेगळेपण आणखी स्पष्ट होतं. पोलंडच्या १८३१ च्या उठावात तीन ग्रोशांची तांब्याची नाणी पडली, पण वॉर्साची पूर्ण सज्ज टाकसाळ बंडखोरांच्या ताब्यात होती आणि ती नाणी सफाईदार आहेत. हंगेरीच्या १८४८-४९ च्या तांब्याच्या क्रॉयत्सरांचंही तसंच. त्यांना अडचणीची नाणी म्हणणं जरा ताणलेलं वाटतं. कोलंबियातल्या कार्ताहेना बंदराची नाणी मोरेलोसच्या जवळची. या शहराने ११ नोव्हेंबर १८११ ला स्वातंत्र्य पुकारलं आणि तांब्याची अर्ध्या व दोन रिआलची नाणी काढली, माडाच्या झाडाखाली बसलेल्या आदिवासी स्त्रीचं चित्र असलेली. इथेही राजा गेला आणि त्याच्या जागी मूळची रहिवासी आली. स्पॅनिश सेनापती मोरियोच्या वेढ्यात उपासमारीने ते शहर पडलं, डिसेंबर १८१५ मध्ये, म्हणजे मोरेलोसच्या शेवटच्याच महिन्यात. फिलिपिन्समध्ये आगिनाल्दोच्या प्रजासत्ताकाने १८९९ मध्ये मालोलोसला तांब्याची नाणी पाडली, पण अमेरिकेशी लढाई जुंपल्यावर ती फिरायला सवडच मिळाली नाही. ती आज इतकी थोडी आहेत की संग्राहकाने त्यांचे फोटोच जमवावेत.

हुंडीचा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो मात्र स्वातंत्र्ययुद्धाबाहेरच्या एका उदाहरणात. पदच्युत राजा जेम्स दुसरा याने आयर्लंडमध्ये १६८९-९० साली जुन्या तोफा, घंटा, भांडी वितळवून नाणी पाडली, आणि त्यांवर सालाबरोबर महिनाही टाकला. युद्ध जिंकल्यावर महिन्यांच्या क्रमाने चांदी देण्याचा बेत होता. जुलै १६९० मध्ये बॉइनची लढाई हरल्यावर त्याच्या पाच शिलिंगांच्या नाण्याची किंमत विजेत्या विल्यमच्या सरकारने एक पेनी ठरवली. म्हणजे हरलेल्याच्या हुंडीला निदान धातूचा भाव मिळाला.

मेक्सिकोतल्याच दुसऱ्या एका तांब्याशी गल्लत होते, म्हणून थोडक्यात. १९१० नंतरच्या क्रांतीत, म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर शंभर वर्षांनी, त्याच दक्षिणेत, वाहाकात आणि क्रांतिकारक सापाताच्या मुलुखात, पुन्हा तांब्याची नाणी पडली. १९१५ ची वाहाकाची आयताकृती सेंतावो नाणी त्यातलीच. ‘क्रांतीची नाणी’ एवढंच लिहून विकणाऱ्याकडे दोन्ही एकाच तबकात असतात. मूल्य रिआलमध्ये की सेंतावोत, एवढं पाहिलं तरी गोंधळ मिटतो.

मराठी संग्राहकाला तांबं नवं नाही. अनेकांचा श्रीगणेशा शिवराईनेच झालेला असतो. शिवराई आणि ‘सुद’ दोन्ही तांब्याची, दोन्ही हाताने ठोकलेली, दोन्हींवर ठसा घसरलेला, एवढ्यावरून कोणी त्यांना एका माळेत ओवू नये. शिवराई तिच्या तांब्याच्या वजनावर चाले. म्हणून ती छत्रपतींनंतरही दोनशे वर्षं बाजारात टिकली आणि वेगवेगळ्या सत्तांनी ती पाडली. मोरेलोसचं तांबं शब्दावर चाललं आणि शब्द देणारा गेल्यावर थांबलं. पण शिवराईवर तयार झालेली नजर मात्र इथे थेट उपयोगी पडते. अक्षरांच्या वळणांवरून आणि ठिपक्यांच्या जागांवरून प्रकार पाडण्याची सवय, महेश्वरी आणि विगिन्स यांच्या १९८९ च्या मराठा नाण्यांवरील ग्रंथाने जी अनेकांना लावली, ती मेक्सिकोच्या नाण्यांवरही चालते. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने राम-सीता-हनुमान छापलेले ‘१८१८ चे आणे’ पाहून ज्याने एकदा हात पोळून घेतलेत, त्याला चांदीच्या ‘सुद’बद्दल फार समजावून सांगावं लागू नये.

जपणुकीचं थोडं. किनाऱ्याच्या खाऱ्या, ओल्या मातीतून आलेल्या तांब्यात क्लोराइड मुरलेलं असतं. वर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर रोग चालू आहे असं समजावं. ते नाणं इतरांपासून लगेच वेगळं करावं, ऊर्ध्वपातित पाण्यात दिवसचे दिवस पाणी बदलत भिजवावं, पूर्ण वाळवावं आणि सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवावं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ही काळजी दुप्पट. घरातल्या तांब्याच्या कळशीप्रमाणे चिंच किंवा पितांबरी लावून ते लखलखीत करण्याचा मोह अनेकांना होतो. तेवढ्याने दोनशे वर्षांचा थर आणि निम्मी किंमत दोन्ही जातात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांनीही तांबं हिरवं पडतं. कागदी पाकीट बरं.

परदेशातून मागवताना एक कायदेशीर बाब आधी लक्षात घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तूंबाबतच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे मेक्सिकोचं नाणं हौसेने आणलं तरी उद्या न्यूयॉर्कच्या लिलावात परत विकू, हा हिशेब मांडून आणू नये. ते इथेच राहणार, आणि इथे त्याला गिऱ्हाइकं मोजकीच.

तरीही इथे बसून करण्यासारखं मोलाचं काम आहे, आणि त्याला नाणं जवळ असण्याचीही गरज नाही. ते म्हणजे साच्यांची साखळी जुळवणं. हाताने कोरलेला वरचा साचा लवकर फुटतो आणि खालचा जास्त टिकतो, म्हणून एकच धनुष्याचा साचा दोन-तीन वेगवेगळ्या ‘एम’च्या साच्यांबरोबर वापरलेला सापडतो. एखाद्या साच्याला तडा जातो, तो तडा पुढच्या नाण्यांवर लांबत जातो, आणि त्यावरून कोणतं नाणं आधीचं, कोणतं नंतरचं हे सांगता येतं. १८१२ सालचा ‘एम’ आणि १८१३ सालचा ‘एम’ एकाच धनुष्याशी जोडलेले दिसले तर ती टाकसाळ सलग चालली हे सिद्ध होतं. वाहाकाचं नाव असलेल्या नाण्याचा धनुष्यसाचा नाव नसलेल्या नाण्यावर सापडला तर निनावी नाण्याचं गाव कळतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या लिलावांच्या सूचींत या नाण्यांचे स्पष्ट फोटो भरपूर आहेत. ते खाली उतरवून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापून, जुळणारे साचे क्रमांक देऊन मांडत गेलं की सूचीकारांनी वाहाकाच्या एका मथळ्याखाली कोंबलेली ही मालिका छावणी-छावणीत परत वाटता येईल. काम किचकट आहे आणि डोळे दुखतात. पण शिवराईचे ‘श्री राजा शिव’ वेगळे काढण्यात ज्यांच्या रविवारच्या सकाळी गेल्यात, त्यांना ते जमण्यासारखं आहे.